चौकशी न करणाऱ्या प्रभाताई

प्रभाताईंची आणि माझी पहिली भेट काळाचौकीच्या एका चाळीत, दुसऱ्याच कोणाच्या स्वयंपाकघरात झाली. त्या भेटीत माझा अपमान झाला आणि तो मी ओढवून घेतलेला होता.

आमच्या गावच्या मुंबईकर मंडळाची पद्धत जुन्या लोकांना ठाऊक आहे. कोणी मदतीसाठी अर्ज केला की दोन सदस्य त्या घरी चौकशीला जात. घरात काय आहे, काय नाही हे पाहून अहवाल देत, आणि त्यावर मदत मंजूर किंवा नामंजूर होई. मी ठाकूरद्वारचा, विमा कंपनीतला कारकून. अक्षर बरे आणि स्वभाव संशयी, त्यामुळे हे काम माझ्याकडे आपसूक चालत आले. त्या दिवशी अर्जदार बाईंच्या घरी मी बसलो, पाणी प्यायलो आणि नेहमीप्रमाणे उठून तांदळाच्या डब्याचे झाकण उघडून पाहिले. डबा काठोकाठ भरलेला होता. मी वहीत तशी नोंद केली.

खाटेवर मेथी निवडत बसलेल्या एक बाई मान वर न करता म्हणाल्या, "तांदूळ परवाच गावाहून आलाय, वर्षाचा आहे. डाळीचा डबा नाही उघडलात? तो रिकामा आहे."

मी म्हटले, "आम्हाला नियमाप्रमाणे जावं लागतं, बाई."

"मग माझ्याकडेही चला. शेजारचीच खोली. कॉलेजात शिकवणाऱ्या बाईच्या घरी किती डाळ असावी, तेही मंडळानं एकदा ठरवून टाकावं."

त्या प्रभाताई होत्या, आमच्याच गावच्या. परळच्या एका महाविद्यालयात त्या अर्थशास्त्र शिकवत. मी वही मिटली आणि खाली मान घालून जिना उतरलो. अहवालात मात्र मी 'घरात धान्य पुरेसे' असेच लिहिले. अर्ज नामंजूर झाला. हे मी आज प्रथमच लिहीत आहे आणि लिहिताना लाज वाटते आहे.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ निघत आहे. प्रकाशनाचा समारंभ होईल, शाल-श्रीफळ होईल. पण हे सर्व कशा वातावरणात होत आहे ते आपण सारे जाणतो. निम्मे मंडळ समारंभाला येणार नाही. समारंभानंतरच्या रविवारी विशेष सभा आहे आणि तिच्यासमोर एकच विषय आहे: 'ताईंची योजना' बंद करणे. त्या योजनेने मंडळातल्या दिलीपचा बळी घेतला असे लालबागपासून परळपर्यंत बोलले जाते, आणि दिलीपची पत्नी संगीता सात महिने ताईंशी बोललेली नाही. हे बाजूला ठेवून मला गोडगोड गौरवलेख लिहिता आला असता, तसे मी अनेक लिहिले आहेत. या वेळी ते जमणार नाही.

नव्या पिढीसाठी थोडे मागचे सांगतो. गिरण्या चालू होत्या तेव्हा लालबागेत आमच्या गावकीच्या खोल्या होत्या. गावाहून आलेला माणूस तिथे पथारी टाकी आणि खानावळीत जेवून पाळीवर जाई. गिरण्या गेल्या, माणसे पांगली, खोल्या मात्र मंडळाच्या नावावर राहिल्या. चाळीचा टॉवर झाला तेव्हा त्या खोल्यांच्या बदल्यात रस्त्यालगतचे दोन गाळे मंडळाला मिळाले. गाळे भाड्याने गेले आणि ज्या मंडळाने जन्मभर पावतीपुस्तके फिरवली, त्याच्याकडे दरमहा न मागता पैसा येऊ लागला. आता अर्ज वाढतील, चौकश्या वाढतील, म्हणून मी नवीन वही आणली. तोवर मी चिटणीस झालो होतो.

ताई तेव्हा कार्यकारिणीवर नुकत्याच आल्या होत्या, मंडळाच्या इतिहासातल्या पहिल्या स्त्री सदस्य. पहिल्याच बैठकीत त्यांनी सुचवले की आलेले भाडे गावच्या प्रत्येक प्रौढ माणसाला, बाईला आणि पुरुषाला, सारखे वाटावे. दर महिन्याला, ज्याच्या त्याच्या स्वतःच्या खात्यात. अर्ज नको, दाखला नको, चौकशी नको. देशोदेशी माणसे याच कल्पनेवर वाद घालत आहेत, सर्वांना किमान काही उत्पन्न बिनशर्त द्यावे की नाही, हे त्यांनी आम्हाला शाळेतल्या मुलांना सांगावे तसे शांतपणे समजावले.

मी खवळलो. "म्हणजे तिसाव्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या पुतण्यालाही द्यायचे?"

"हो."

"तो त्याचा पिझ्झा खाईल."

"खाऊ द्या. त्याला वगळायचं तर कोणाला वगळायचं हे ठरवणारा माणूस नेमावा लागेल, अनंतराव. तो माणूस परत डबे उघडत फिरेल."

बैठकीत कोणाला त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला, आणि त्या दिवसापासून ती योजना मला माझ्यावरच्या ठपक्यासारखी वाटू लागली. माझ्या विरोधात तत्त्व किती होते आणि राग किती, हे आज मला सांगता येणार नाही.

योजना कशी मंजूर झाली त्याकडे मी पुढे येतो. आधी तिने काय केले ते सांगतो, कारण हल्ली ते कोणी सांगत नाही.

शेवंती आजींचे वय तेव्हा ऐंशीच्या घरात होते. जन्मात त्यांच्या नावावर पैसा आला नव्हता. नवऱ्याचा पगार सासूकडे गेला, मुलाचा सुनेकडे. पहिल्या महिन्याचे पैसे हातात आल्यावर त्या वरळी कोळीवाड्यातून येणाऱ्या मासेवाल्या मावशीकडून एक अख्खा सरंगा घेऊन आल्या. मुलगा माझ्याकडे तक्रार घेऊन आला, की म्हातारीला पैसे देऊन तुम्ही चटक लावलीत. मी ती तक्रार मोठ्या आनंदाने ताईंकडे नेली. ताई मला घेऊन आजींच्या घरी गेल्या. आजी म्हणाल्या, "माझ्या हातात पैशे दिल्यानी आणि कशाक होये ता कोणी इचारूक नाय. माका आधी वाटला चुकान दिल्यानी." ताईंनी पुढे काही विचारले नाही. जिना उतरताना त्यांनी डोळे पुसले, मी पाहिले नाही असे दाखवले.

सुरक्षारक्षकाची नोकरी करणाऱ्या एका सदस्याने योजनेनंतर दुसरी पाळी सोडली. हा घ्या पुरावा, माणसे आळशी होतात, असे मी बैठकीत म्हणालो. ताई म्हणाल्या, "दिवसाचे सोळा तास उभा राहत होता तो. आता झोपतो. त्याला आळस म्हणायचं असेल तर म्हणा."

पण ताईंनी कधी योजनेची फक्त चांगलीच बाजू सांगितली, असे कोणी म्हणू नये. आमच्यातला एक गृहस्थ पैसे आल्या दिवशी पिऊन पडत असे. मी त्याचे नाव काढले की ताई म्हणत, "आधीही प्यायचा. तेव्हा बायकोकडे मागून प्यायचा." पुढे मात्र तो बायकोच्या खात्यातलेही काढून घेऊ लागला. ते ताईंना कळले. मग बैठकीत त्यांनी स्वतःहून तो विषय काढला. म्हणाल्या, "पैसा खात्यात गेला म्हणजे हातात गेला, असं मी धरून चालले. ते चुकलं." विद्यार्थ्यांसमोर चूक कबूल करणारे शिक्षक मी फार पाहिलेले नाहीत. कार्यकारिणीसमोर कबूल करणारा तर दुसरा कोणीच पाहिला नाही. पुढे ताई त्या बाईंना घेऊन स्वतः बँकेत गेल्या, दोन खेपा घातल्या आणि कार्ड बदलून आणले.

त्यांचे असे वागणे अनेकांनी अनुभवले आहे. माझ्या पत्नीच्या अखेरच्या आजारपणात त्या काळाचौकीहून ठाकूरद्वारला रोज पेज घेऊन येत. सभेत आदल्याच दिवशी आमचे कडाक्याचे भांडण झालेले असले तरी पेज येई. पत्नी मला म्हणाली होती, "या बाईशी भांडू नका हो, तुम्हालाच जड जाईल." मी ऐकले नाही.

आणि संगीता. लग्न होऊन काळाचौकीला आली तेव्हा तिचे बी.कॉम. अर्धे राहिले होते. ताईंनी तिला घरी बसवून शिकवले, परीक्षेला आपल्या घरून पाठवले. ताईंना मूलबाळ नाही. संगीता त्यांना ताई म्हणे, पण नाते आई-मुलीचे होते, हे अख्ख्या गल्लीला माहीत होते.

गेल्या वर्षी संगीताच्या नवऱ्याची, दिलीपची, दोन्ही मूत्रपिंडे गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सांगितले. पालिकेच्या केंद्रात नंबर लागेपर्यंत खासगीत जाणे भाग होते आणि ते परवडणारे नव्हते. पूर्वीच्या मंडळाने अशा वेळी मोठी रक्कम उभी केली असती. मी चौकशीला गेलो असतो, चार अपमानकारक प्रश्न विचारले असते, पण रक्कम मिळाली असती. आता मंडळाकडे शिल्लक नव्हती. जे येई ते सर्वांना सारखे वाटून संपे. दिलीपच्या वाट्याला तेवढेच येई जेवढे माझ्या पुतण्याच्या.

दिलीप आठवड्यातून तीनदाऐवजी दोनदा जाऊ लागला, मग एकदा. ताईंनी आपले निवृत्तिवेतन संगीताच्या हातात दिले, बांगड्या मोडल्या. ते पुरले नाही. पालिकेच्या केंद्राचा निरोप आला तेव्हा दिलीपला जाऊन नऊ दिवस झाले होते.

तेराव्याला आम्ही सारे जमलो होतो. कोणीतरी मोठ्याने म्हणाले, "सगळ्यांना सारखं, सगळ्यांना सारखं. त्या सारखेपणानं पोराला नेलं." ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. संगीताने त्यांच्याकडे पाहिले आणि विचारले, "ताई, आजारी माणसासाठी थोडं बाजूला ठेवावं, एवढंही तुम्हाला सुचलं नाही?"

 ताईंनी हात जोडले आणि त्या निघून गेल्या. मी तिथे होतो. मी जेवून घरी गेलो.

आता योजना कशी मंजूर झाली ते सांगतो.

ताईंनी दिलेल्या मूळ ठरावाचा कागद माझ्या कपाटात आहे. त्यांच्याच अक्षरात आहे. त्यात स्पष्ट लिहिले आहे की उत्पन्नाचा चौथा हिस्सा आजारपणासाठी बाजूला ठेवावा आणि तो डॉक्टरांच्या कागदावर, घरी चौकशी न करता द्यावा. त्या ठरावाला उपसूचना मी मांडली. समता हवी तर पुरी हवी, चौथा हिस्सा ठेवला की तो कोणाला द्यायचा हा प्रश्न परत आलाच, तेव्हा वाटायचे तर सगळे वाटा, असे मी म्हणालो. ताईंचेच शब्द मी त्यांच्यावर उलटवले. इतकी टोकाची गोष्ट सभा फेटाळील आणि मूळ ठरावही तिच्याबरोबर बुडेल, असा माझा हिशेब होता. सभेने टाळ्या वाजवून उपसूचना मंजूर केली. सगळे वाटले तर प्रत्येकाला जास्त मिळत होते, हे माझ्या लक्षात आले नव्हते.

मग सभा संपताना, आपल्या रिवाजाप्रमाणे, ग्रामदेवतेच्या तसबिरीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे झाले. गाऱ्हाण्यात काय म्हणायचे ते चिटणीस लिहून देतो. मी लिहून दिले आणि मानकऱ्यांनी खणखणीत आवाजात म्हटले, "बा देवा म्हाराजा, मंडळाचा जा काय येयत ता सगळ्या लेकरांका सारखा वाटूचा. कोणाक कमी नाय, कोणाक जास्त नाय." सारी सभा म्हणाली, "व्हय म्हाराजा." देवासमोर दिलेला शब्द पुढच्या वार्षिक सभेचा नारळ ठेवेपर्यंत फिरवायचा नाही, ही आपली पूर्वापार चाल. दुसऱ्या कुठल्या संस्थेत साध्या ठरावाने जे बदलले असते, ते आपल्याकडे वर्षभरासाठी शपथेसारखे होऊन बसले, आणि पुढे दर वर्षी तेच गाऱ्हाणे पुन्हा म्हटले गेले. 'कोणाक जास्त नाय' हे शब्द माझे होते. मूळ ठरावात ते कुठेही नाहीत.

दिलीपचे आजारपण कळताच ताई माझ्या घरी आल्या. विशेष सभा बोलवा, देवाची क्षमा मागून नवा नारळ ठेवू, आजारपणाचा हिस्सा काढू, असे त्यांनी विनवले. हो, विनवले. विशेष सभेच्या सूचनेवर चिटणिसाची सही लागते. मी आधी म्हणालो, शिमग्याला सगळे गावी गेले आहेत. मग म्हणालो, हॉल मिळत नाही. मग म्हणालो, मुलांच्या परीक्षा आहेत. असे अडीच महिने काढले. योजनेला एकदा ठेच लागावी आणि लोक परत माझ्याकडे अर्ज घेऊन यावेत, असे मला वाटत होते. माणूस जाईल असे वाटले नव्हते. पण डायलिसिस आठवड्यातून एकदाच होते आहे हे मला माहीत होते, म्हणून 'वाटले नव्हते' या शब्दांना फारसा अर्थ नाही.

सात महिने मी वाट पाहिली की ताई कधीतरी हे बोलतील. त्यांनी कोणालाही सांगितले नाही, संगीतालाही नाही. शेवटी हा लेख मागायला संपादक आले तेव्हा मी ताईंकडे गेलो आणि विचारले, का सांगितले नाहीत?

त्या म्हणाल्या, "तुमचं नाव घेतलं असतं तर तुमचे लोक आणि माझे लोक असं भांडण लागलं असतं. दिलीप राहिला असता बाजूला. आणि एक विसरू नका, अनंतराव. तुमच्या उपसूचनेला हात मीही वर केला होता. नाही म्हटलं असतं तर सगळंच जाईल, अशी भीती वाटली मला. आजारपणाचं नंतर बघू म्हटलं."

"तरी पण, संगीता..."

"तिला कोणावर तरी रागवायला हवं होतं. मी जवळची होते."

मी म्हटले, मी हे छापणार आहे.  ताई म्हणाल्या, "आधी तिला सांगा. तिनं पुस्तकात वाचायला नको."

म्हणून मी संगीताकडे गेलो. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या चाळीत झाकण उघडले होते ती आता नाही, संगीताचे घर तिच्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीत आहे. मूळ ठरावाचा कागद तिच्यासमोर ठेवला आणि सगळे सांगितले. तिने ताईंचे अक्षर ओळखले. चौथ्या हिश्श्याची ओळ तिने दोनदा वाचली.

"हे ताईंनी आधीच लिहिलं होतं?"

"हो."

"आणि मी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, की सुचलं नाही का."

मी क्षमा मागितली. ती म्हणाली, "तुमचं मी नंतर बघेन, काका. आत्ता तुम्ही जा." दारापर्यंत आली आणि म्हणाली, "त्यांच्या समोर जायला मला तोंड नाही. एवढ्यात तर नाहीच."

योजनेचे काय करायचे, ते सभा ठरवील. ती बंद करण्याचा ठराव माझ्याच सहीने निघाला होता, तो मी या लेखाने मागे घेत आहे. त्याजागी ताईंचा मूळ ठराव, चौथ्या हिश्श्यासह, मी मांडणार आहे. सर्वांना बिनशर्त द्यावे हे बरोबर की चूक, एवढ्या मोठ्या देशाला ते झेपेल की नाही, हे मला आजही कळत नाही. ताईही म्हणतात की त्यांना खात्रीने ठाऊक नाही. शेवंती आजींचा चेहरा आठवतो तेव्हा बरोबर वाटते, दिलीपचा आठवतो तेव्हा काहीच सुचत नाही. पण दिलीप ज्यामुळे गेला ती ताईंची योजना नव्हती. ती मी मोडतोड करून त्यांच्या नावावर चढवलेली योजना होती. हे ऐकायला समारंभाला न येणारे निम्मे मंडळ नसेल, म्हणून सभेतही मी हे उभा राहून वाचीन. त्यानंतर मंडळाने मला चिटणीस ठेवू नये.

प्रभाताई हल्ली फारशा बाहेर पडत नाहीत. गुडघे दुखतात, रक्तदाब वाढलेला आहे, आणि दुपारी दार उघडे ठेवून बसतात असे शेजारी सांगतात. त्यांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो. हे वाक्य मी इतक्या जणांसाठी लिहिले आहे की हात आपोआप चालतो. आज मात्र थांबून, समजून लिहीत आहे. संगीता अजून त्यांच्याकडे गेलेली नाही. तिला वेळ लागेल, कदाचित पुष्कळ लागेल. तोवर ताई असायला हव्यात.